क्लब कोणाचा?

(दौलताबाद येथे तरुण कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



देवगिरीच्या पायथ्याशी बसून लिस्बनच्या एका फुटबॉल क्लबाची हकीकत सांगावयाची, हा उद्योग आपल्यापैकी काहींना चमत्कारिक वाटेल. आपल्या या परिसरात क्रिकेट आणि कबड्डी यांपुढे फुटबॉलला कोणी फारसे विचारीत नाही. मीही खेळाचा जाणकार म्हणून येथे उभा नाही. उभे आयुष्य मी अर्थशास्त्र शिकविण्यात घालविले, आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला जो प्रश्न कोठेही गेले तरी सोडीत नाही तो मालकीचा. हजारो माणसांच्या वर्गणीने, श्रमाने आणि मायेने उभी राहिलेली संस्था अखेर कोणाची असते? ज्याने शेवटचा धनादेश दिला त्याची, की जे पिढ्यान्‌पिढ्या तिच्या दारात उभे राहिले त्यांची? हा प्रश्न साखर कारखान्याच्या संदर्भात मांडला की आपल्याकडे लगेच गट पडतात, नावे निघतात आणि मूळ मुद्दा बाजूला राहतो. म्हणून आज मी तो दूरच्या मैदानावर नेऊन मांडणार आहे. आधी लिस्बनला जाऊ, मग शेजारच्या गोव्यात येऊ आणि शेवटी आपल्या घरी परत फिरू.

लिस्बन शहराच्या पश्चिमेस तेजो नदीच्या मुखाजवळ बेलें नावाचा भाग आहे. १४९७ मध्ये वास्को द गामाची गलबते हिंदुस्थानच्या शोधार्थ निघाली ती येथूनच. त्या भागातील तरुणांनी २३ सप्टेंबर १९१९ रोजी एक फुटबॉल क्लब स्थापन केला. त्याचे नाव ‘ओस बेलेनेन्सेस’, म्हणजे सरळ मराठीत ‘बेलेंकर’. पोर्तुगीज गलबतांच्या शिडांवर जो ख्रिस्ताचा क्रूस असे, तोच या क्लबाने आपल्या बोधचिन्हात घेतला. ज्या क्रूसाने आपल्या किनाऱ्यावर तोफा आणल्या तोच एका मोहल्ल्याच्या खेळाचे निशाण व्हावा, ही इतिहासाची एक गंमत आहे.

या क्लबाची कामगिरी सामान्य नव्हे. पोर्तुगालच्या राष्ट्रीय साखळी स्पर्धेचे विजेतेपद आजवर केवळ पाच क्लबांच्या वाट्याला आले आहे. बेन्फिका, पोर्तो आणि स्पोर्टिंग हे तीन बलाढ्य क्लब सोडले तर उरलेल्या दोघांपैकी एक बेलेनेन्सेस, १९४५-४६ च्या हंगामातला. दुसरा बोआविश्ता, २००१ चा. शिवाय १९४२, १९६० आणि १९८९ असा तीन वेळा पोर्तुगाल चषक त्यांनी जिंकला. १९५० च्या दशकात त्यांच्याकडे मातातेउ नावाचा आघाडीचा खेळाडू होता. मूळचा मोझांबिकमधला, वसाहतीतला, कृष्णवर्णीय. एका हंगामात सर्वाधिक गोल करण्याचा मान त्याने दोन वेळा मिळविला. सालाझारची हुकूमशाही तेव्हा वसाहतींना ‘सागरपारचे प्रांत’ म्हणत होती, तेथील माणसांना हक्क नाकारीत होती आणि त्यांचे गोल मात्र स्वतःच्या खात्यावर जमा करीत होती. गोवाही तेव्हा त्याच खात्यात होता.

परंतु आजच्या विषयाच्या दृष्टीने चषकांहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. पोर्तुगालमधील क्लब म्हणजे मूलतः सभासदांची संस्था. सभासद नियमित वर्गणी देतो, त्याचे नाव नोंदवहीत असते, तो सर्वसाधारण सभेस बसतो आणि अध्यक्ष मतदानाने निवडतो. देशात १९७४ पर्यंत खऱ्या निवडणुका नव्हत्या. पण क्लबात सभासद नावाचा घटक होता. बेलेनेन्सेसने १९५६ मध्ये रेस्तेलो येथे आपले मैदान उभारले. त्याच्या प्रेक्षागारातून तेजो नदी दिसते. एका मोहल्ल्याच्या क्लबाने देशातील दांडग्यांशी टक्कर देत हे सारे टिकविले, याचे कारण ही नोंदवही होय.

मग खेळात पैसा शिरला. दूरचित्रवाणीचे हक्क, खेळाडूंची खरेदी-विक्री, फुगलेली वेतने आणि त्यामागोमाग कर्जे. १९९७ मध्ये पोर्तुगालमध्ये कायदा झाला की क्लबाला आपला व्यावसायिक संघ वेगळ्या क्रीडा कंपनीकडे देता येईल. पुढे २०१३ च्या कायद्याने व्यावसायिक स्पर्धेत उतरणाऱ्या क्लबांना कंपनीचे रूप घेणे सक्तीचेच केले. बेलेनेन्सेसने १९९९ मध्ये अशी कंपनी काढली. कर्जाचा डोंगर वाढत गेला, आणि २०१२ मध्ये कंपनीचे ५१ टक्के भाग ‘कोडसिटी’ नावाच्या गुंतवणूकदार कंपनीस विकण्यात आले. क्लबाकडे उरले अवघे १० टक्के.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. हे भाग कोणी दरोडा घालून नेले नाहीत. क्लबानेच ते विकले, कारण घर चालविण्यास पैसा नव्हता. आपण ज्या किल्ल्याखाली बसलो आहोत त्याची भिंत, खंदक आणि अंधारी यांची कीर्ती जगभर आहे. पण १६३३ मध्ये मोगलांच्या महाबतखानाने तो घेतला तो तट चढून नव्हे. वेढा पडला, आतले धान्य संपले, आणि मलिक अंबरच्याच मुलाने, फतेहखानाने, वाटाघाटी करून किल्ला हवाली केला. संस्थांचेही बहुधा असेच होते. बाहेरून आलेला शत्रू एक वेळ परवडतो. रिकामे कोठार परवडत नाही. आर्थिक शिस्त हा भांडवलदारांचा विषय आहे असे मानणाऱ्या आपल्यातील मित्रांनी ही गोष्ट विसरू नये.

पुढील सहा वर्षे क्लब आणि कंपनी एका घरात वेगळ्या चुली मांडल्यासारखे नांदले. २०१८ च्या जूनअखेर मैदानाच्या वापराचा करार संपला आणि वाटणी झाली. कंपनी आपला संघ, म्हणजे पहिल्या श्रेणीतील जागा आणि करारबद्ध खेळाडू, घेऊन जामोर येथील राष्ट्रीय स्टेडियममध्ये गेली. क्लबाकडे काय उरले? मैदान, नाव, बोधचिन्ह आणि सभासदांची नोंदवही. व्यापारी हिशेबाने पाहिले तर सारी मिळकत कंपनीची आणि क्लबाच्या वाट्याला केवळ आठवणी.

त्या आठवणींनी काय केले ते पाहा. क्लबाने नवा संघ उभारला आणि लिस्बन जिल्ह्याच्या अगदी तळाच्या श्रेणीत नाव नोंदविले. एके काळचा राष्ट्रीय विजेता हौशी संघांशी खेळू लागला. प्रेक्षक क्लबाबरोबर रेस्तेलोला गेले. पहिल्या श्रेणीत खेळणाऱ्या कंपनीच्या संघासमोर जामोरची बाके बव्हंशी रिकामी राहू लागली. न्यायालयाने कंपनीस क्लबाचे नाव आणि बोधचिन्ह वापरण्यास मनाई केली. तेव्हा त्या संघाला ‘बी-एसएडी’ असे एखाद्या फायलीच्या क्रमांकासारखे नाव घ्यावे लागले. २०२१ च्या नोव्हेंबरात करोनाच्या साथीमुळे त्यांनी बेन्फिकाविरुद्ध अवघे नऊ खेळाडू मैदानात उतरविले आणि सात गोल खाल्ल्यावर सामना अर्ध्यावर थांबला. २०२२ मध्ये तो संघ दुसऱ्या श्रेणीत घसरला, आणि २०२३ मध्ये दुसऱ्या एका क्लबात विलीन होऊन त्याचे वेगळे अस्तित्वच मिटले. त्याच २०२३ मध्ये सभासदांचा बेलेनेन्सेस पायरी पायरीने चढत राष्ट्रीय दुसऱ्या श्रेणीत पोहोचला. पुढल्या वर्षी तो पुन्हा तिसऱ्या श्रेणीत उतरला, हेही सांगितले पाहिजे. सभासदांची मालकी विजयाची हमी देत नाही. ती एवढीच हमी देते की पराभवानंतरही संस्था आपली राहते.

आता गोव्याकडे वळू. गोव्यात फुटबॉल आणण्याचे श्रेय पोर्तुगिजांना दिले जाते, परंतु परंपरेने सांगितले जाते ते असे की १८८३ मध्ये शिवोली येथे आलेल्या विल्यम लायन्स नावाच्या इंग्रज धर्मगुरूने हा खेळ तेथे रुजविला. चर्चच्या शाळा, गावांची भाटे आणि भात कापून मोकळी झालेली शेते ही त्याची पहिली मैदाने. गावागावांत संघ झाले. पोर्तुगीज अमदानीच्या अखेरीस क्लबांची रीतसर नोंद होऊ लागली. १९५१ मध्ये मुरगाव बंदराच्या आश्रयाने वास्कोचा क्लब निघाला, आणि त्याने नाव घेतले ते बेलेंहून निघालेल्या त्याच दर्यावर्दीचे.

याच काळात गोव्याच्या अर्थव्यवस्थेत मोठी उलथापालथ होत होती. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानच्या पोलाद कारखान्यांना लोहखनिज हवे होते, आणि गोव्याच्या डोंगरांत ते विपुल होते. खाणींचे परवाने ज्यांना मिळाले ती घराणी पाहता पाहता गब्बर झाली. या घराण्यांनी फुटबॉलला आश्रय दिला. साळगावकरांचा क्लब १९५६ मध्ये निघाला. १९६० च्या दशकात डिचोलीचा एक क्लब धेंपो उद्योगाकडे आला आणि धेंपो स्पोर्ट्‌स क्लब म्हणून पुढे नावारूपास आला. मुक्त गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर हेही खाणमालकच. त्यांच्या नावाची सुवर्णचषक स्पर्धा १९७० पासून सुरू झाली.

या आश्रयाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. गरीब घरातील मुलाला खेळावर नोकरी मिळाली, महिन्याचा पगार मिळाला. ब्रह्मानंद शंखवाळकर यांच्यासारखा गोलरक्षक साळगावकर संघातून भारताचा कर्णधार झाला. १९९८-९९ ते २०१२-१३ या पंधरा हंगामांत राष्ट्रीय साखळीचे विजेतेपद नऊ वेळा गोव्यात आले. धेंपोने पाच वेळा ते मिळविले, साळगावकर आणि चर्चिल ब्रदर्स यांनी प्रत्येकी दोन वेळा. त्यातील शेवटचे सात हंगाम तर सलग गोव्याचे होते. कोलकात्याचे मोठे क्लब हतबल होऊन पाहत राहिले. पंधरा लाखांच्या आसपास वस्तीच्या राज्याने संपूर्ण देशावर असे राज्य केल्याचे दुसरे उदाहरण आपल्या क्रीडाक्षेत्रात शोधावे लागेल.

पण या वैभवाच्या पायाखाली काय होते? खाण. आणि खाण कोणाची? जमिनीखालचे खनिज हे लोकांचे असते, शासन त्याचे विश्वस्त असते, असे आपला कायदा मानतो. न्यायमूर्ती शहा आयोगाने गोव्यातील खाणव्यवहारांवर कठोर ताशेरे ओढले. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य शासनाने खाणी थांबविल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. २०१४ मध्ये ती काही अटींवर उठली, आणि २०१८ मध्ये न्यायालयाने ८८ पट्ट्यांचे नूतनीकरणच रद्द केले. लोकांच्या खनिजातून आलेल्या पैशाचा एक लहानसा ओहोळ खेळाकडे वळला होता, आणि लोक त्याला मालकाचे औदार्य समजत होते.

दुसरा आघात खेळाच्या रचनेतून आला. २०१० मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने एका बड्या उद्योगसमूहाशी संबंधित कंपनीबरोबर पंधरा वर्षांचा व्यापारी हक्कांचा करार केला. त्यातून २०१४ मध्ये ‘इंडियन सुपर लीग’ निघाली. तिच्यात जागा मिळे ती संघमालकीचे शुल्क भरून. जुनी राष्ट्रीय साखळी दुय्यम ठरणार हे स्पष्ट होताच २०१६ मध्ये साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा आणि धेंपो हे तिघेही निषेध म्हणून राष्ट्रीय साखळीतून बाहेर पडले. निषेधाचे कारण रास्त होते, असे माझे मत आहे. परंतु निर्णय कोणी घेतला? मालकांनी. ज्यांनी चाळीस-पन्नास वर्षे उन्हापावसात उभे राहून या संघांना दाद दिली, त्यांना कोणी विचारले नाही. विचारण्याची सोयच नव्हती. त्यांच्याजवळ वर्गणीची पावती नव्हती, नोंदवहीत नाव नव्हते, सभा नव्हती. आपल्या महाराष्ट्रातही २००५-०६ चा राष्ट्रीय विजेता महिंद्र युनायटेड हा संघ कंपनीने २०१० मध्ये बंद केला. चारच वर्षांपूर्वी देशात अव्वल असलेला संघ मालकाच्या एका ठरावाने नाहीसा झाला. लिस्बनमध्ये कंपनी निघून गेल्यावर क्लब उरला. येथे कंपनी निघून गेली की काहीच उरत नाही, हा भेद मनात कोरून ठेवा.

सुपर लीगमध्ये गोव्याच्या नावाने जो नवा संघ आला, त्या एफसी गोवाच्या सुरुवातीच्या मालकांत साळगावकर आणि धेंपो यांच्याबरोबर तिसरे नाव होते व्हिडिओकॉनच्या वेणुगोपाल धूत यांचे. पैठण रस्त्यावरील चितेगावचा कारखाना आपल्यापैकी किती जणांच्या घराशी निगडित होता, हे मी सांगावयास नको. तेव्हा हा विषय दौलताबादपासून वाटतो तितका लांबचा नाही. पुढे २०१८ मध्ये व्हिडिओकॉन दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, संघाची मालकीही बदलली आणि कॅसिनो व्यवसायातील जयदेव मोदी तेथे आले. खाणीच्या जागी कॅसिनो आला. संघ चांगला खेळला, २०२१ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत खेळणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. पण प्रेक्षक होता तेथेच राहिला, तिकिटाच्या खिडकीशी.

या लीगच्या पहिल्या दहा हंगामांत शेवटच्या क्रमांकावरील संघाने खालच्या श्रेणीत उतरण्याची तरतूद नव्हती. खालून वर येण्याची वाटही २०२३ पर्यंत बंद होती. बेलेनेन्सेसला तळापासून चढता आले, कारण तेथे शिडी होती. शिडीच काढून घेतली तर सभासदांची जिद्द कोठे चढणार? आणि ही बंदिस्त रचना स्थैर्य देते म्हणावे, तर २०२५ च्या जुलैत त्या पंधरा वर्षांच्या कराराची मुदत संपत आल्याचे कारण देऊन पुढचा हंगामच अधांतरी ठेवण्यात आला. एका करारावर साऱ्या देशाचा खेळ टांगला की असे होते. उलटपक्षी धेंपोने खालून सुरुवात केली आणि २०२४-२५ मध्ये तो आय-लीगमध्ये परतला. जिद्द गोव्यातही आहे. तिला हक्काची जोड नाही.

येथे आपल्यापैकी कोणी विचारील, सभासदांच्या संस्था तरी कोठे धुतल्या तांदळासारख्या असतात? प्रश्न योग्य आहे. बेन्फिका हा सभासदांचा महाप्रचंड क्लब. २०२१ मध्ये त्याच्या अध्यक्षांना आर्थिक गैरव्यवहाराच्या चौकशीत अटक झाली. पण त्यानंतर काही महिन्यांतच चाळीस हजारांहून अधिक सभासदांनी मतदान करून नवा अध्यक्ष निवडला. मतदानाने भ्रष्टाचार थांबत नाही. तो उघडकीस आल्यावर माणूस बदलता येतो, एवढे मात्र खरे. खाजगी मालक भ्रष्ट निघाला तर आपण काय करू शकतो? फार तर त्याचा माल घेणे सोडू शकतो.

आता घरी येऊ. लोणीला प्रवरेच्या काठी १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील यांनी सहकारी साखर कारखाना सुरू केला तेव्हा धनंजयराव गाडगीळ यांच्यासारखा अर्थशास्त्रज्ञ त्याच्या अध्यक्षपदी होता. दोन एकरवाला आणि वीस एकरवाला यांना एकच मत, हे त्या प्रयोगाचे हृदय होते. पुढे काय झाले? थकलेल्या कर्जापोटी राज्यातील कितीतरी सहकारी कारखान्यांचा लिलाव झाला आणि सभासदांच्या भागभांडवलावर उभी राहिलेली यंत्रे, जमिनी, गोदामे खाजगी मालकांच्या हाती गेली. ज्याने मुलीच्या लग्नाचे पैसे मागे ठेवून भाग घेतला तो आता त्याच फाटकाशी ऊस घेऊन रांगेत उभा राहतो, परंतु केवळ ग्राहक-पुरवठादार म्हणून. बेलेनेन्सेसच्या क्रमानेच हे घडले: आधी कर्ज, मग भाग, मग वाटणी. फरक इतकाच की तेथील सभासदांनी मैदान आणि नाव हातचे सोडले नव्हते, म्हणून त्यांना परत उभे राहता आले.

यातून मी तीन गोष्टी सुचवितो. संस्थेची जमीन, नाव आणि चिन्ह ही व्यवहारातील इतर मालमत्तेपासून कायद्याने वेगळी काढावीत. चालू धंद्याच्या कर्जापोटी ती तारण ठेवता येऊ नयेत. बाहेरचे भांडवल घ्यावे लागले तरी निम्म्याहून अधिक मते सभासदांकडे राहावीत. जर्मनीतील क्लबांनी हा नियम मोठ्या प्रमाणावर पाळून दाखविला आहे आणि त्यांची मैदाने ओस पडलेली नाहीत. तिसरी गोष्ट सर्वांत साधी व सर्वांत कठीण आहे. सभासदाने सभासदासारखे वागावे. आपल्या गावची वार्षिक सर्वसाधारण सभा आठवा. सचिव अहवाल वाचू लागतो, मागून कोणी ‘मंजूर, मंजूर’ ओरडतो, आणि चहा येतो. कोट्यवधींचा ताळेबंद चहा थंड होण्याच्या आत संमत होतो. किल्ल्याचे कोठार रिकामे होते ते अशा दुपारी.

तुम्ही तरुण आहात. तुमच्यापैकी काही वाळूजच्या कारखान्यांत जातील, काही शेती पाहतील, काही येथील पर्यटनाच्या धंद्यात राहतील. तुमच्या गावात दूध सोसायटी असेल, तालीम असेल, वाचनालय असेल, विविध कार्यकारी सोसायटी असेल. तिच्या सभासदांच्या नोंदवहीत आपले किंवा आपल्या वडिलांचे नाव आहे का, हे या आठवड्यात जाऊन पाहा. नसेल तर नोंदवा. असेल तर मागील तीन वर्षांचे ताळेबंद मागून घ्या आणि पुढल्या सभेस ते वाचून जा. ‘मंजूर’ म्हणण्यापूर्वी एक तरी प्रश्न विचारा. लिस्बनच्या त्या बेलेंकरांनी तळाच्या श्रेणीतून सुरुवात केली, तीही याहून मोठ्या गोष्टीने केलेली नव्हती.